अण्णांचा ठसा

अण्णा हुक्केरीकर हल्ली धारवाडला पुतण्याकडे असतात. मला अण्णांची काळजी वाटत नाही, पुतण्याच्या बायकोची वाटते. तिनं केलेली पहिली भाकरी अण्णांनी उजेडाकडे धरली असणार, कडेवरून अंगठा फिरवला असणार आणि "सरी नाही" म्हणून ताटाबाहेर ठेवली असणार. हे मी पैजेवर सांगते, कारण माझ्या पुरणपोळीचं त्यांनी हेच केलं होतं, तेही माझ्या सासूबाईंच्या देखत. सासूबाईंना ते फार आवडले.

"सरी नाही" हे अर्धं कानडी, अर्धं मराठी. बेळगावकडची माणसं, बोलणं तसलंच. बंगळुरात रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत जो तो दिवसभर "सरी, सरी" करत असतो. ठीक आहे, बरोबर आहे, जमलं. अण्णांच्या तोंडी मात्र तो शब्द कधी एकटा आला नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी त्यांच्याकडून नुसतं "सरी" ऐकलेलं नाही.

आम्ही बंगळुरातच विमानांचे भाग बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात होतो. ते तपासणी खात्याचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली नोंदवह्या लिहायला. घरंही बनशंकरीत जवळजवळ, त्यामुळे रविवारीसुद्धा सुटका नव्हती. तपासणीवाल्या प्रत्येकाकडे पोलादाचा एक छोटा ठसा असायचा, गोलात एक आकडा. भाग पास झाला की आराखड्यात दाखवलेल्या जागी तो ठोकायचा. याचा अर्थ, या भागाची जबाबदारी या माणसाची. अण्णांचा आकडा सतरा. नापास झालेल्या भागाला लाल रंग लागायचा आणि मग त्याचे दोन तुकडे व्हायचे, म्हणजे भंगारातून उचलून कुणी तो चुकून वापरायला नको. हे सगळीकडेच चालतं. पण ज्यानं भाग बनवला त्यानंच तो कापायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर कापायचा, ही भर अण्णांची होती.

दुसरा एक नियम ते देवाच्या नावासारखा घ्यायचे. नट आवळणाऱ्यानं स्वतःच्या नटावर सही करायची नाही. दुसऱ्यानं बघायचं, मगच यंत्र जमीन सोडणार. "आपल्या चुका आपल्याला लाडक्या असतात, कुंदा," ते मला म्हणायचे. "दुसरे डोळे पाहिजेत. आणि ते डोळे आपल्यावर जरा रागावलेले असले तर आणखी चांगलं."

गिरीश नाडगौडाचं प्रकरण माझ्यासमोर घडलं. विजापूरकडचा मुलगा, नवा इंजिनिअर, कामात तल्लख, पण शाळेतल्यासारखी कानावर पेन्सिल खोचून फिरायचा. ॲल्युमिनियमवर पेन्सिल चालत नाही. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट दमट हवेत त्या धातूला हळूहळू खातं. वरून रंग छान दिसतो आणि आत रेषेरेषेनं कुजत जातं. हे गिरीशला ठाऊक होतं. तरी भोकांच्या जागा आखताना हात सवयीनं कानाकडे गेला आणि पत्र्यावर एक रेष ओढली गेली. कित्येक दिवसांचं काम होतं ते, जवळजवळ पुरं झालेलं.

"कुणी ओढली ही?" अण्णांनी विचारलं.

"मी, सर. पुसतो. स्पिरिटनं जाईल."

"रेष जाईल की. ओढणारा हात कुठं जाणार?"

सुट्टीत माणसं डबे उघडून बसली होती. अण्णांनी तो पत्रा पकडीत आवळला आणि लोखंड कापायची करवत मुठीकडून गिरीशपुढे धरली. गिरीश कापायला लागला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. कुणी घास घेईना. अण्णा शेजारी उभे राहून करवतीकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

"सरळ काप," ते म्हणाले. "भंगार झालं म्हणून वाकडं चालत नाही."

त्या दिवसापासून गिरीशचं नाव पेन्सिल पडलं. त्याच्या लग्नात कुणीतरी सोनेरी कागदात गुंडाळून पेन्सिलींचा खोका आहेर केला, आणि नवरीनं तो सगळ्यांसमोर कौतुकानं उघडला. पुढे लवकरच तो नोकरी सोडून हेलिकॉप्टरांची देखभाल करणाऱ्या एका खाजगी कंपनीत गेला. तिथे तो खूप वर चढला, आता पायलट त्याची सही बघूनच आत पाऊल टाकतात, असं कानावर यायचं. अण्णांनी त्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

तपासणीवाला निवृत्त झाला की त्याचा ठसा घासून टाकतात. अण्णांचाही साणेवर धरला, ठिणग्या उडाल्या. अण्णा हाताची घडी घालून बघत होते. "आणखी जरा घास. सतरातल्या एकाची शेपटी राहिली," म्हणाले. आमच्या साहेबांचे डोळे पाणावले. त्याच आठवड्यात अण्णांनी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन तस्साच दुसरा ठसा करून घेतला. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात केलेली ही एकच लबाडी.

आणि मग ती खोकी आली. एका माणसापुरतं हेलिकॉप्टर. परदेशातली एक कंपनी सुटे भाग पाठवायची, जोडायचं आपण. नळ्यांचा सांगाडा, पाठीमागे लहानसं इंजिन, डोक्यावर दोन पाती, शेपटीला एक छोटा पंखा. अण्णांनी त्यासाठी पीण्यातच एक पत्र्याची शेड घेतली.

"या वयात कशाला हो हे?" मी विचारलं.

"आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेलं तपासलो," ते म्हणाले. "दुसऱ्यांनीच उडवलं. मी खालनं मुंडी वर करून बघितलो. एकदा आपलं आपण बनवून आपणच बसायचं. हातभर उचललं तरी पुरे."

हातभर म्हणजे हातभरच. खरं उडवायच्या परवानगीचे कागद फिरतच होते. तोवर नेलमंगलाच्या पुढे एका मित्राच्या सुपारीच्या बागेत, मोकळ्या तुकड्यावर, चारी बाजूंनी दोरांनी बांधून यंत्र जमिनीपासून हातभर वर घ्यायचं, एवढीच त्यांची मागणी होती. कुठल्याशा उड्डाणशाळेत जाऊन ते शिकूनही आले, म्हणजे तिथल्या शिक्षकाला नापास करून आले. नंतर शेडमध्ये खुर्चीवर बसून, गुडघ्यांत काठी धरून, डोळे मिटून तासन् तास सराव करायचे. आपण हसलो तर डोळे न उघडता म्हणायचे, "हसणं सरी नाही, कुंदा. पोटातनं येईना."

शेडच्या दाराशी एक जुनं जेवणाचं ताट ठेवलेलं असायचं. आत शिरणाऱ्यानं खिसे त्यात रिकामे करायचे. किल्ली, नाणं, पेन काही आत न्यायचं नाही. पडलं आणि कुठे अडकलं तर? मारतहळ्ळीकडची आयटीतली चार-पाच मराठी पोरं काही दिवस शनिवारी मदतीला यायची. "काका, धिस इज सो कूल!" त्यातला एक, आदित्य, खरंच मन लावून शिकायचा. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातून तार ओवून पिळतात, ते काम त्याला दिलं होतं. अण्णा यायचे, नखानं पीळ चाचपायचे आणि कट्कन तार कापायचे.

"उलटं पिळलास."

"काका, तुम्हीच म्हणालात ना क्लॉकवाइज?"

"मी म्हणालो तेव्हा तू फोनवरच्या पोरीचं ऐकत होतास."

पोराचा बाप आठवड्यापूर्वीच गेला होता आणि फोनवर पोरगी नव्हती, आई होती. ते कळल्यावर अण्णा म्हणाले, "मग घरी बसून रडायचं. माझ्या तारेवर कशाला?" त्यानंतर कुणीच आलं नाही. पीण्यातल्या लेथवाल्यांचंही तेच. त्या वसाहतीत काय बनत नाही सांगा! पण एकेका कारखान्यात जाऊन अण्णांनी मालकाच्या तोंडावर त्याचा माल भंगारात टाकला होता. पुढे पुढे त्यांची स्कूटर दिसली की शटर खाली यायचं.

राहिल्या फक्त अक्का, म्हणजे त्यांची बायको. सगळी बनशंकरी त्यांना अक्काच म्हणायची. अक्का रोज डबा घेऊन बसनं पीण्याला जायच्या. पात्यांना घालायच्या कापडी खोळी त्यांनीच शिवल्या, आणि अण्णांनी त्या टाके समान नाहीत म्हणून परत परत उसवायला लावल्या. मला संताप यायचा. एकदा मी अक्कांना म्हटलं, तुम्ही ऐकून कशा घेता?

"त्यांना दिसत नाही ग आता," अक्का हळूच म्हणाल्या. "कुणाला बोलू नकोस. टाके बोटानं मोजतात ते."

मग माझ्याही लक्षात यायला लागलं. अण्णा अलीकडे सगळं नखानं तपासायचे आणि आम्ही समजायचो, काय बारकावा! शेडमधल्या ट्यूबा ते सारख्या बदलायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा गेले आणि त्याचं भिंग स्वच्छ नव्हतं म्हणून उठून आले. गेजवरचा मापाचा काटा अक्काच वाचायच्या. "मोठ्यानं वाच. पुटपुटू नकोस," असं खेकसून ते अक्कांकडून आकडा काढून घ्यायचे, जणू त्यांचीच परीक्षा चाललीय. खूण कुठे पडली, भेग कुठे आहे, कागदावर काय लिहिलंय, सगळं त्या बाईनं पाहिलं आणि नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. ते हेलिकॉप्टर दोघांनी मिळून बनवलं, पण हे दोघांनीही कधी कबूल केलं नाही.

यंत्र पुरं व्हायच्या बेताला आलं आणि अक्का झोपेतच गेल्या. तिरडी बांधणारे घाईत होते. अण्णा वाकले, दोरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गाठ सरी नाही. सोडा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, आता असू दे की."

"सोडा म्हणतो नव्हं!"

सगळ्या गाठी सोडल्या, आणि अण्णांनी जमिनीवर बसून चाचपत एकेक पुन्हा बांधली. अक्का तोवर उन्हात. मला त्या वेळी त्यांचा मनापासून तिटकारा आला, आणि गाठी बांधून झाल्यावर त्यांना उठवायला मीच हात दिला.

पुढचं काम अण्णांनी एकट्यानं केलं. शेवटी दोन्ही पाती ज्या ठोकळ्याला धरून फिरतात तो ॲल्युमिनियमचा हब बसवला. यंत्र साखळ्यांनी जमिनीला बांधून कितीतरी वेळा फिरवून पाहिलं. आवाज असा एकसुरी यायचा की शेजारच्या कारखान्यातले लोक दारात येऊन उभे राहायचे. मला बोलावून त्यांनी माझं बोट डोक्यावरच्या त्या हबवर नेऊन टेकवलं.

"लागतं काय?"

बोटाला गोल लागला. गोलात सतरा. हब बसवला त्याच दिवशी अण्णांनी त्यावर आपला ठसा ठोकला होता. ते स्वतः येता-जाता त्याच्यावरून नख फिरवायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी हसू म्हटलं असतं.

आता दुसरे डोळे हवे होते. रविवारी सुपारीच्या बागेत यंत्र उचलायचं ठरलं होतं, दोर धरायला मी आणि बागेतले गडी. पण तपासून सही द्यायला माणूसच उरला नव्हता. ज्याला ज्याला हे काम कळत होतं, त्याचा त्याचा अपमान करून झाला होता. सहीशिवाय उचला, मी म्हटलं, तिथे कोण विचारतंय? अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

"नाडगौडाला बोलाव," ते म्हणाले.

"गिरीशला? तो कशाला येईल?"

"येईल. त्याच्यासारखे डोळे आपल्या खात्यात कुणाचे नव्हते."

"मग हे तेव्हा सांगितलं का नाहीत त्याला?"

"चांगले डोळे असणाऱ्याला सांगावं लागत नाही."

मी फोन केला.  मग गिरीशनं विचारलं, "सरांनी स्वतः माझं नाव घेतलं?" हो म्हटल्यावर म्हणाला, "येतो."

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी.

गिरीश सकाळीच आला. केस पिकलेले, अंगावर इस्त्रीचा शर्ट. दाराशी थांबून त्यानं न सांगता ताटात खिसे रिकामे केले. किल्ल्या, फोन, पाकीट आणि एक पेन्सिल. मी पेन्सिलीकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. अण्णांना ती दिसली नाही.

त्यानं शेपटीपासून सुरुवात केली. एकेक नट, एकेक तार, एकेक सांधा.  अण्णा मागे हात बांधून त्याच्या पाठोपाठ फिरत होते, परीक्षेच्या वर्गाबाहेर बाप फिरतो तसे. बऱ्याच वेळानं गिरीश म्हणाला, "सर, इतकं स्वच्छ काम मी कंपनीतसुद्धा बघितलं नाही." हे तो मनापासून बोलला. अण्णा चालता चालता थांबले.

मग तो स्टुलावर चढला आणि हबपाशी वाकला.

"सर, हा ठसा?"

"माझा."

"कुठं मारलाय?"

"कुठं म्हणजे? कडेच्या जाड भागावर."

"नाही, सर. पात्याच्या खोबणीच्या गोलाईत पडलाय."

मला अर्थ कळला. फिरणाऱ्या पात्यांची सगळी ओढ त्या गोलाईवर येते. तिथे नखाचा ओरखडासुद्धा चालत नाही, आणि पोलादी ठशाचा घाव म्हणजे धातूला फाटायला दिलेली जागाच. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. अण्णांना तर होतंच. त्यांनी जाड भाग चाचपून, अंदाजानं, हातोडी मारली होती. "इकडं नाही हो, तिकडं," म्हणणारी अक्का नव्हती.

गिरीशनं पिशवीतून डबे काढले. आधी हबवर लाल औषध फवारलं, काही वेळानं ते स्वच्छ पुसलं आणि वर पांढरी पूड मारली. भेग असेल तर आत शिरलेलं लाल पांढऱ्यावर फुटून येतं. आम्ही वाट बघत उभे राहिलो. सतरामधल्या साताच्या टोकातून एक बारीक लाल रेष हळूहळू उमटली आणि पुढे सरकली.

अण्णांनी नाक टेकेपर्यंत तोंड जवळ नेलं. "कुठं आहे? कुंदा, तू बघ. आहे काय?"

"आहे, अण्णा."

"केवढी?"

"नखाएवढी."

"सही देत नाही, सर," गिरीश म्हणाला.

उद्या ते पातं सुटलं असतं. अण्णा तर गेलेच असते, आणि दोर धरणारी मीही. गिरीशनं आमचा जीव वाचवला, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्याचे आभार मानायला माझी जीभ उचलली नाही, अजूनही उचलत नाही. दुसरा हब मिळणार नव्हता. ती परदेशी कंपनी केव्हाच बंद पडली होती. पीण्यात कुणी करून दिला असता तर तो अण्णांनी घेतला नसता, आणि त्यांना कुणी करूनही दिला नसता.

"उतरव," अण्णा म्हणाले.

दोघांनी मिळून हब सोडवला. अण्णांनी तो स्वतः पकडीत आवळला. मला वाटलं, आता गिरीश निरोप घेईल. तो भिंतीपाशी गेला, खिळ्यावरची करवत काढली आणि मुठीकडून अण्णांपुढे धरली.

"गिरीश, पुरे झालं आता," मी ओरडले.

"तू गप्प बस, कुंदा," अण्णा म्हणाले. "बनवणाऱ्यानंच कापायचं."

ते कापायला लागले. करवत धातूवरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली, आणि ठोकळ्यावर वेडेवाकडे चरे उठले. अण्णांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरत होता.

"सरळ, सर," गिरीश म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "भंगार झालं म्हणून वाकडं चालत नाही."

अण्णा थांबले. करवत त्यांनी खाली ठेवली आणि दोन्ही हात पकडीवर टेकले.

"दिसत नाही रे," ते म्हणाले. "मला दिसतच नाही."

गिरीशचा चेहरा मी बघितला. तिथे समाधान असतं तर मला निदान त्याचा नीट राग तरी करता आला असता. तो वळला, दारापर्यंत गेला, ताटातली पेन्सिल घेऊन आला. त्यानं पेन्सिल ओली केली आणि त्या ठोकळ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत, सतराच्या बरोबर मधून, एक जाड काळी रेष ओढली. एकदा, मग तिच्यावरूनच पुन्हा.

अण्णांनी तोंड खाली नेलं. बराच वेळ बघितलं. मग रेषेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेला काळा रंग उजेडाकडे धरला.

"सरी," म्हणाले, आणि करवत उचलली.